४५ सेंटिमीटर की १२? स्कीइंगसाठी हिमवर्षावाचा अंदाज कसा वाचावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. येत्या शुक्रवार ते रविवार एका डोंगरी स्की-केंद्रावर जाण्याचा बेत आहे. केंद्राचा पायथा १,७०० मीटर उंचीवर आणि सर्वांत वरचे टोक २,९०० मीटरवर आहे. सहा दिवस आधी एक अ‍ॅप तिथे ४५ सेंटिमीटर नवा बर्फ दाखवते, तर दुसरे १२. शून्य अंशाची पातळी, म्हणजे ज्या उंचीवर हवेचे तापमान शून्य अंश असते ती, शुक्रवारी सकाळी २,१०० मीटरवर असेल आणि रात्रीपर्यंत १,५०० मीटरवर उतरेल, माथ्यावर नैर्ऋत्येचा वारा ताशी ६० किलोमीटरपर्यंत जाईल, शनिवारी पहाटे वादळ ओसरेल आणि रविवारी आकाश निरभ्र असेल, असेही अंदाजात आहे. विचारणाऱ्यांनी आजवर एकच हिवाळा स्कीइंग केलेले आहे. कोणता आकडा खरा धरावा आणि बेत कायम ठेवावा का?

माझे उत्तर असे की दोन्ही आकडे एकाच वादळाचे असू शकतात आणि दोन्हींपैकी कोणत्याही एकावरून बेत ठरवू नये. डोंगरावर किती सेंटिमीटर बर्फ पडेल, याला स्की करणाऱ्याच्या दृष्टीने दुय्यम महत्त्व आहे. तुम्ही ज्या वेळी, ज्या उंचीवर आणि ज्या उतारावर असाल, तिथे तेव्हा बर्फ कोणत्या अवस्थेत असेल, हा मुख्य प्रश्न आहे. अंदाजातल्या उंची, तापमान, वारा आणि वेळ या चार गोष्टी एकत्र वाचल्या, तर त्याचे बऱ्यापैकी उत्तर मिळते.

आधी त्या दोन आकड्यांचा हिशेब मांडू. हवामानाची प्रारूपे, म्हणजे ज्यांच्या आधारे अंदाज काढतात ती संगणकावरची गणिते, बर्फ सेंटिमीटरमध्ये मोजत नाहीत. ती पाणी मिलिमीटरमध्ये मोजतात. त्या पाण्याचा बर्फ किती जाडीचा होईल, हे नंतर एका गुणोत्तराने काढले जाते. ढोबळ नियम एकास दहाचा आहे, म्हणजे १ मिलिमीटर पाण्याचा १ सेंटिमीटर बर्फ. परंतु ओल्या, जड बर्फात हे गुणोत्तर एकास पाचपर्यंत खाली येते आणि अतिशय थंड, कोरड्या, शांत हवेत ते एकास वीस किंवा त्याहूनही वर जाते. आता समजा, या वादळात एकूण ३० मिलिमीटर पाणी आहे. पहिल्या अ‍ॅपने माथ्यासाठी एकास पंधराचे गुणोत्तर घेतले, तर ४५ सेंटिमीटर होतात. दुसऱ्याने पायथ्याचा विचार केला, त्यातले निम्मे पाणी पाऊस म्हणून गेले असे धरले आणि उरलेल्या १५ मिलिमीटरला एकास आठ लावले, तर बरोबर १२ होतात. पाणी तेच आहे, फक्त डोंगरावरची जागा बदलली. म्हणून कोणताही आकडा पाहिला की तो कोणत्या उंचीचा आहे हे आधी शोधावे, आणि अ‍ॅपमध्ये उंची दिलेली नसेल तर तो आकडा बेतासाठी वापरू नये.

गुणोत्तर बदलते ते मुख्यतः ढगातल्या तापमानामुळे. होक्काइदो विद्यापीठातील उकिचिरो नाकाया यांनी १९३६ मध्ये प्रयोगशाळेत सशाच्या केसावर पहिला कृत्रिम हिमस्फटिक वाढवला आणि तापमान व बाष्पाच्या प्रमाणानुसार स्फटिकाचा आकार कसा बदलतो, याचा आराखडा तयार केला. तो आराखडा आजही आमच्या रोजच्या उपयोगाचा आहे. उणे ५ अंशांच्या आसपास सुया आणि स्तंभ तयार होतात; ते एकमेकांवर दाटीने बसतात आणि थर घट्ट होतो. उणे १५ अंशांच्या आसपास, साधारण उणे १२ ते उणे १८ या पट्ट्यात, फांद्या फुटलेले चांदणीसारखे मोठे स्फटिक वाढतात. त्यांच्या फांद्यांमध्ये हवा अडकून राहते आणि स्की करणारे ज्याला पावडर म्हणतात तो पिसासारखा हलका बर्फ मिळतो. जपानमधील होक्काइदोचा बर्फ जगभर नावाजला जातो तो याचमुळे: सायबेरियाची अतिथंड हवा जपानच्या समुद्रावरून येताना बाष्प उचलते आणि बेटावरच्या डोंगरांना भिडते, त्यामुळे थंडी आणि बाष्प दोन्ही एकाच वेळी हजर असतात. तुमच्या वादळात शून्याची पातळी १,५०० मीटरवर उतरल्यानंतर दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश घट धरली, तर २,९०० मीटरवर उणे ९ अंश येतात. ढगाचा वरचा भाग त्याहून थंड असणार, म्हणून माथ्यावर हलका बर्फ पडण्याची शक्यता आहे. मात्र ६० किलोमीटरच्या वाऱ्यात त्या स्फटिकांच्या फांद्या मोडतात, तुकडे दाटून बसतात आणि गुणोत्तर खाली येते. त्यामुळे तेवढ्याच पाण्यात मी माथ्यावर ४५ ऐवजी ३० ते ३५ सेंटिमीटर धरीन.

शून्याच्या पातळीबद्दल एक गैरसमज मला फार वेळा दिसतो. पातळी २,१०० मीटरवर आहे म्हणजे त्याखाली लगेच पाऊस, असे नसते. पडणारा हिमकण वितळायला वेळ घेतो, म्हणून प्रत्यक्ष बर्फ सामान्यतः शून्याच्या पातळीच्या २०० ते ३०० मीटर खालपर्यंत पोहोचतो. हवा कोरडी असेल तर आणखी खाली, कारण कणाभोवतीचे बाष्पीभवन त्याला थंड ठेवते. अरुंद, निवाऱ्याच्या खोऱ्यात जोरदार वर्षाव होत असेल, तर वितळणारा बर्फच भोवतालच्या हवेतली उष्णता शोषून घेतो आणि अंदाजात पाऊस लिहिलेला असताना बर्फ काही शे मीटर खाली उतरतो. हे मी अनेक वेळा पाहिले आहे. तुमच्या पायथ्यावर, म्हणजे १,७०० मीटरवर, शुक्रवारी सकाळी बहुधा पाऊस किंवा पावसात मिसळलेला बर्फ असेल आणि संध्याकाळी तो पूर्ण बर्फ होईल. वादळ उबदार सुरू होऊन थंड होत जाणे, हा क्रम स्कीइंगसाठी अनुकूल असतो: आधीचा ओलसर थर जुन्या बर्फाला चिकटतो आणि त्यावर कोरडा, हलका थर येतो. याच्या उलट, थंड बर्फावर नंतर उबदार, जड बर्फ पडला, तर वर जड आणि खाली पोकळ असा थर तयार होतो. स्की त्यात वरून खचतात, वळण घेता येत नाही आणि उतारही धोकादायक होतो. सेंटिमीटर दोन्ही प्रकारांत तेवढेच असतात.

आता सहा दिवस आधीच्या अंदाजावर किती भरवसा ठेवावा, याकडे वळतो. युरोपीय हवामान-अंदाज केंद्राचे जागतिक प्रारूप साधारण ९ किलोमीटरच्या आणि अमेरिकेचे सुमारे १३ किलोमीटरच्या जाळीवर चालते. एका चौकोनात अख्खे स्की-केंद्र, शेजारची दरी आणि पलीकडची धार मावते आणि प्रारूपाला त्या सर्वांची एक सरासरी उंची दिसते. खरा डोंगर तिथे ठेंगणा आणि गुळगुळीत होऊन बसलेला असतो. वाऱ्याने डोंगरावर चढणारी हवा थंड होऊन जो जादा वर्षाव देते, तो त्यामुळे कमी दाखवला जातो आणि आडोशाच्या बाजूला तो जास्त दाखवला जातो. आल्प्समध्ये १ ते दीड किलोमीटरची प्रादेशिक प्रारूपे हे बरेच सुधारतात, पण त्यांचा आवाका साधारण एक-दोन दिवसांचाच असतो. म्हणून पाच-सहा दिवस आधी मी एकेका आकड्याकडे पाहतच नाही, समूह-अंदाज पाहतो. युरोपीय केंद्र सुरुवातीच्या स्थितीत किंचित बदल करून तेच प्रारूप ५० वेळा आणि बदलाशिवाय एकदा चालवते. त्या ५१ निकालांपैकी ४० निकालांत वादळ येत असेल, तर वादळ येणार असे मी मानतो. ४५ सेंटिमीटर मात्र चार-पाच निकालांतच असतील, तर तो आकडा विसरून जातो. ज्या अ‍ॅपमध्ये फक्त एक आकडा दिसतो, ते बहुधा अशा अनेक शक्य उत्तरांपैकी एकच दाखवत असते, आणि पुढच्या फेरीत ते उत्तर बदलले की लोक म्हणतात अंदाज फिरला. मुळात ती अनिश्चितता पहिल्या दिवसापासून होती.

हंगामातली परिस्थिती किती झपाट्याने पालटते, याचे जवळचे उदाहरण गुलमर्गचे आहे. खेलो इंडिया हिवाळी क्रीडा स्पर्धांचा तिथला टप्पा २२ फेब्रुवारी २०२५ पासून ठरला होता. पुरेसा बर्फ नसल्यामुळे तो पुढे ढकलावा लागला. महिनाअखेरीस पश्चिमेकडून आलेल्या विक्षोभाने, म्हणजे पाऊस-बर्फ घेऊन येणाऱ्या हवामान-प्रणालीने, काश्मीरमध्ये जोरदार हिमवर्षाव केला आणि स्पर्धा ९ ते १२ मार्चला पार पडल्या. पश्चिम हिमालयाचा हिवाळा हा असा विक्षोभांच्या येण्याजाण्यावर अवलंबून असतो. दोन विक्षोभांमध्ये तीन आठवड्यांची कोरड पडू शकते. अशा ठिकाणी महिनाभर आधी नेमक्या तारखा धरून पावडरची अपेक्षा करणे व्यर्थ आहे. तारखा सैल ठेवता येत असतील, तर त्यासारखा दुसरा उपाय नाही.

वाऱ्याबद्दल सविस्तर लिहायलाच हवे, कारण अंदाज वाचणारे त्याकडे सर्वांत कमी पाहतात आणि उतारावर सर्वांत जास्त फरक त्यानेच पडतो. ताशी २५ ते ३० किलोमीटरच्या वाऱ्याला सैल बर्फ हलू लागतो, आणि वाऱ्याचा वेग वाढला की वाहून जाणाऱ्या बर्फाचे प्रमाण त्याच्या घनाच्या हिशेबाने वाढते. वेग दुप्पट झाला, तर बर्फ सुमारे आठ पट वाहतो. एका सकाळी माझ्या बर्फ मोजायच्या फळीवर ३२ सेंटिमीटर नवा बर्फ होता. तासाभरात मी वरच्या धारेवर पोहोचलो, तेव्हा वाऱ्याच्या बाजूला जुना, करडा, काचेसारखा थर उघडा पडला होता. स्कीच्या कडा त्यावर करकरत होत्या आणि पकड मिळत नव्हती. धार ओलांडून पन्नास पावले आडोशाच्या बाजूला गेलो, तर तिथल्या घळीत मी मांडीपर्यंत रुतलो. हिमवर्षाव दोन्हीकडे सारखाच झाला होता. तुमच्या वादळात वारा नैर्ऋत्येचा आहे. म्हणजे माथ्याजवळचे नैर्ऋत्येकडे तोंड असलेले उतार खरवडले जातील आणि ईशान्येकडचे उतार व घळी भरतील. केंद्राचा नकाशा उत्तर दिशा लावून समोर ठेवा आणि आडोशाच्या बाजूला येणाऱ्या वाटांवर खूण करा. हे दहा मिनिटांचे काम आहे आणि कोणत्याही अ‍ॅपपेक्षा जास्त सांगते.

वाऱ्याचा दुसरा परिणाम स्की करणाऱ्यांना वर नेणाऱ्या दोरमार्गाच्या पाळण्यांवर होतो. वरचे, उघड्यावरचे पाळणे आणि गोंडोला जोराच्या, विशेषतः आडव्या वाऱ्यात बंद ठेवले जातात. मर्यादा प्रत्येक यंत्रणेची वेगळी असते, परंतु माथ्यावर ६० चे झोत असतील, तर शुक्रवारी वरचा टप्पा बंद राहील असे गृहीत धरूनच निघावे. तो चालू राहिला तरी उणे ९ अंश आणि ६० किलोमीटरचा वारा मिळून अंगाला उणे २१ अंशांसारखी थंडी लागते. उघडे कान, नाक आणि गाल त्यात लवकर बधिर होतात.

केंद्रावरून रोज सकाळी जे बर्फाचे आकडे जाहीर होतात, तेही थोडे जपून वाचावेत. नीट मोजमाप करायचे तर वाऱ्यापासून आडोसा असलेल्या सपाट मोकळ्या जागी पांढरी फळी ठेवतात, ठरलेल्या वेळी तिच्यावरच्या बर्फाची उंची पट्टीने मोजतात, फळी झाडून स्वच्छ करतात आणि नव्या बर्फावर पुन्हा बसवतात. फळी दर सहा तासांनी झाडली आणि चारही मोजमापांची बेरीज केली, तर ती चोवीस तासांनी एकदाच मोजलेल्या उंचीपेक्षा जास्त भरते, कारण बर्फ स्वतःच्या वजनाने खचत असतो. दोन्ही आकडे प्रामाणिक असतात, पण त्यांची तुलना होत नाही. काही वेळा प्रामाणिकपणाचाही प्रश्न येतो. अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजच्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी स्की-केंद्रांचे जाहीर आकडे आणि शासकीय हवामान नोंदी ताडून पाहिल्या. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात केंद्रे शनिवार-रविवारी सुमारे २३ टक्के अधिक नवा बर्फ जाहीर करत असल्याचे आढळले. उतारावरूनच फोनवर परिस्थिती कळवण्याची सोय लोकांना मिळाल्यावर ही अतिशयोक्ती कमी झाली, हेही त्याच अभ्यासात आहे. म्हणून केंद्राच्या आकड्याबरोबर तिथल्या कॅमेऱ्याचे चित्र आणि जवळच्या स्वयंचलित हवामान केंद्राचे तापमान व वारा हे तिन्ही मी एकत्र पाहतो. ‘एकूण जाडी’ या आकड्यावर तर मी फारच थोडा विसंबतो. दीड मीटर जाड थराचा पृष्ठभाग पावसानंतर गोठलेला असला, तर ती जाडी स्की करणाऱ्याच्या काहीच उपयोगाची नसते.

पृष्ठभाग कसा असेल, हे रात्रीच्या आकाशावरून बरेचसे सांगता येते. निरभ्र, शांत रात्री बर्फ आपली उष्णता आकाशात सोडतो आणि हवा शून्याच्या दोन-तीन अंश वर असली तरीही बर्फाचा पृष्ठभाग गोठू शकतो. ढगाळ रात्री ही उष्णता अडते आणि सकाळी उतार ओलसरच मिळतो. हंगामाच्या उत्तरार्धात या एका गोष्टीवर दिवसाचे वेळापत्रक ठरते. निरभ्र रात्रीनंतर सकाळी सर्व उतार दगडासारखे असतात. आधी पूर्वेकडचे, मग दक्षिणेकडचे आणि दुपारी पश्चिमेकडचे उतार वरच्या एक-दोन सेंटिमीटरपुरते मऊ होतात. तेवढा तासभर त्यावर चालणारी स्की लोण्यावरून गेल्यासारखी चालते. त्यानंतर तोच उतार लगदा होतो. हातात मूठभर बर्फ घेऊन दाबला की अवस्था कळते: कोरडा असेल तर गोळा होत नाही, ओलसर असेल तर चिकटून गोळा होतो, आणि दाबल्यावर बोटांतून पाणी निघाले तर त्या उतारावरून खाली यायची वेळ झालेली असते.

यंत्राने सारख्या केलेल्या वाटांचे गणित वेगळे आहे. यंत्र रात्री वरचा थर घुसळते, दाबते आणि मागे बारीक रेघांचा पट्टा सोडते. घुसळलेल्या कणांना एकमेकांशी जुळून घट्ट व्हायला काही तास लागतात, म्हणून संध्याकाळीच केलेली वाट सकाळी जास्त टिकते आणि पहाटे घाईने केलेली वाट दहाच्या सुमारास उखडू लागते. कृत्रिम बर्फाचे कण बारीक, गोल आणि जड असतात, त्यामुळे त्यावरची वाट पक्की होते पण पडल्यास लागते. शनिवारी पायथ्याजवळ जुना भिजलेला थर, त्यावर गोठलेली पापुद्री आणि वर १२ सेंटिमीटर नवा बर्फ असेल. न घुसळलेल्या कडेने गेलात, तर स्की मऊ थरातून त्या पापुद्रीवर आपटतील. यंत्राने घुसळलेल्या मधल्या पट्ट्यात हेच तीन थर एकजीव झालेले असतील आणि तिथे तुम्हाला उत्तम वळणे घेता येतील.

हिमस्खलनाबद्दल मी सौम्य भाषा वापरणार नाही. बहुतेक घसरणारे थर ३० अंशांहून तीव्र उतारांवर सुटतात आणि वादळानंतरचे पहिले दोन दिवस, वाऱ्याने भरलेल्या आडोशाच्या घळी, ही सर्वांत वाईट वेळ आणि जागा आहे. म्हणजेच निळ्या आकाशाखाली जो अस्पर्श, मऊ उतार रविवारी डोळ्यांना सर्वांत सुंदर दिसेल, तोच बहुधा सर्वांत धोक्याचा असेल. युरोपात धोक्याच्या पाच पातळ्या वापरतात. तिसरी पातळी मध्यावर आहे म्हणून लोकांना ती साधारण वाटते, पण प्राणघातक अपघातांचा मोठा वाटा याच पातळीच्या दिवशी घडतो. भारतातल्या हिमालयासाठी संरक्षण संशोधन व विकास संघटनेची चंदीगड येथील प्रयोगशाळा हिमस्खलनाचे इशारे देते. तुमच्या अनुभवाला एकच नियम लागू आहे: खांब रोवून आखलेल्या, उघड्या असलेल्या वाटांच्या बाहेर पाऊल टाकायचे नाही, आणि बाहेर कोणाच्या स्कीच्या रेघा दिसल्या म्हणून तो उतार सुरक्षित आहे असे मानायचे नाही.

तुमचा बेत मी कायम ठेवीन, फक्त दिवसांची आखणी बदलेन. शुक्रवार प्रवासाला आणि साहित्य जुळवायला द्या; पावसात भिजून पायथ्याजवळ स्की करण्यात काही हाती लागणार नाही. शनिवारी ढग उरलेले असतील, सपाट प्रकाशात उंचसखल कळत नाही, तेव्हा झाडीतून जाणाऱ्या खालच्या वाटा धरा, कारण झाडांच्या गडद रंगामुळे उताराचा अंदाज येतो आणि वाराही अडतो. रविवारी सकाळी वरचा टप्पा उघडण्याच्या वेळेला तिथे हजर राहा, आणि नैर्ऋत्येकडे तोंड असलेल्या वाटा टाळून आडोशाच्या बाजूच्या, यंत्राने केलेल्या वाटांवर दिवस घालवा. त्याआधी बुधवारी संध्याकाळी समूह-अंदाज पुन्हा पाहा. शून्याची पातळी शुक्रवारी रात्रीही १,९०० मीटरच्या वरच राहणार असे बहुतेक निकाल सांगू लागले, तर पायथ्याजवळ रात्रीही पाऊस किंवा ओला, जड बर्फच पडत राहील. त्या परिस्थितीत तारीख आठवडाभर पुढे न्या. पातळी १,५०० मीटरच्या आसपास उतरत असेल, तर सेंटिमीटर १२ दाखवोत की ४५, निघा.